चंद्राच्या तिथीपासून ‘प्रथम’च्या कक्षेपर्यंत : मराठी मुलखातील कक्षागणिताचा एक धागा

दिनांक २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी ३५ या अग्निबाणाने आठ उपग्रह अंतराळात नेले. त्यांपैकी ‘प्रथम’ नावाचा, सुमारे दहा किलोग्रॅम वजनाचा उपग्रह पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी तयार केला होता. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मध्ये वसलेल्या या शिक्षणसंस्थेत त्याच्या रचनेचे काम २००७ सालापासून चालू होते. वातावरणाच्या वरच्या थरांतील मुक्त विद्युत्कणांची मोजणी करणे हा त्याचा हेतु होता. त्यासाठी त्याने पाठविलेल्या दोन रेडिओलहरी जमिनीवर ग्रहण करावयाच्या होत्या. सुमारे ६८९ किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह एका फेरीत एका ठिकाणाच्या क्षितिजावर फार तर तेरा-चौदा मिनिटे राहतो. म्हणजे ग्रहणयंत्रापुढे बसलेल्या विद्यार्थ्यास पहिला प्रश्न सोडवावा लागतो तो हा, की उपग्रह आपल्या क्षितिजावर नेमका केव्हा उगवेल?

संकष्टी चतुर्थीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ पंचांगात पाहणारे कुटुंब हाच प्रश्न विचारीत असते. चंद्र हाही पृथ्वीचा उपग्रहच होय, आणि तोही दीर्घवर्तुळात फिरतो. प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा मराठी मुलखातील आणि मराठी विद्वानांच्या हातून झालेला प्रवास पाहावयाचा आहे. सर्व ज्योतिषगणिताचा इतिहास येथे सांगावयाचा नाही. कलनगणिताने या प्रश्नात काय केले, आणि त्यापूर्वी काय होते व काय नव्हते, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. केप्लरने १६०९ साली असे प्रतिपादन केले की, ग्रहाची कक्षा दीर्घवर्तुळ असून सूर्य तिच्या एका नाभीत असतो, आणि सूर्यापासून ग्रहापर्यंत काढलेली रेषा समान काळात समान क्षेत्र आक्रमिते. न्यूटनने १६८७ साली हे दोन्ही नियम आकर्षणाच्या एका नियमातून काढून दाखविले. उपग्रह आणि पृथ्वी यांसही तेच लागू पडतात. क्षेत्र काळाशी समप्रमाणात वाढते, म्हणून ‘किती वेळ झाला’ याचे उत्तर संकलनाने, म्हणजे क्षेत्राच्या सूक्ष्म तुकड्यांची बेरीज करून, मिळते. पण आपला प्रश्न उलट आहे. वेळ दिलेली आहे, स्थान हवे आहे. येथेच अडचण उभी राहते.

उपग्रह समगतीने वर्तुळात फिरला असता तर नीचबिंदूपासून त्याचे जे कोनात्मक अंतर झाले असते त्यास ‘मध्यम केंद्र’ म्हणू व ते म या अक्षराने दाखवू. दीर्घवर्तुळास बाहेरून स्पर्श करणाऱ्या वर्तुळावर उपग्रहाचे स्थान प्रक्षेपित केले असता कक्षेच्या मध्याशी होणारा कोन क, आणि कक्षेची उत्केंद्रता उ मानली, तर क्षेत्राचे संकलन केल्यावर एवढेच समीकरण हाती येते : म = क − उ × ज्या क. हे दिसावयास सरळ आहे. पण म वरून क काढण्याची बीजगणिताची कोणतीही सांत रीत नाही. उत्तर क्रमाक्रमाने जवळ जाऊनच काढावे लागते.

उदाहरणार्थ, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह घेऊ. स्पुटनिकची नीच उंची सुमारे २१५ आणि उच्च उंची सुमारे ९३९ किलोमीटर होती. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किलोमीटर धरल्यास कक्षेचा अर्धदीर्घाक्ष ६९५५ किलोमीटर आणि उत्केंद्रता सुमारे ०.०५२ येते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने प्रदक्षिणाकाल ९६.२ मिनिटे निघतो, आणि प्रत्यक्ष मोजलेला कालही तोच होता. नीच स्थानी त्याचा वेग सेकंदास ७.९८ किलोमीटर, तर उच्च स्थानी ७.१९ किलोमीटर. आता नीच ओलांडल्यावर प्रदक्षिणेचा चौथा हिस्सा वेळ गेला असे समजा; म्हणजे म = ९० अंश. क साठी पहिला अंदाज ९० अंश धरून ज्या काढली की क ९२.९८ अंश येतो. या नव्या किंमतीची ज्या घेऊन पुन्हा तीच क्रिया केली तर उत्तरात अंशाच्या शंभराव्या भागाएवढाही फरक पडत नाही. त्यावरून पृथ्वीच्या मध्याशी होणारा खरा कोन सुमारे ९६ अंश निघतो. चौथ्या हिश्श्याच्या वेळात उपग्रह चौथ्या हिश्श्याहून सहा अंश पुढे गेलेला असतो.

जुन्या सिद्धांतग्रंथांशी परिचय असणाऱ्या वाचकास या रीतीत काही नवल वाटणार नाही. मिळालेले उत्तर पुन्हा त्याच क्रियेत घालून ते स्थिर होईपर्यंत गणित करीत राहण्याच्या पद्धतीस आपल्याकडे ‘असकृत्कर्म’ म्हणतात, आणि सहा अंशांची जी वाढ आली तिला ‘मंदफल’ म्हणतात. ‘प्रथम’ची वेळ काढणारे संगणकयंत्र दुसरे काही करीत नाही, फक्त ते फार जलद करते.

आता चंद्राकडे वळू. सिद्धांतग्रंथांत चंद्राची कक्षा दीर्घवर्तुळ नव्हती. मध्यम चंद्र वर्तुळात फिरतो आणि त्याच्याभोवती एक लहान मंदवृत्त असते, अशी कल्पना केलेली होती. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (शके १०७२, इ. स. ११५०) चंद्राच्या मंदवृत्ताचा परिघ असा दिला आहे की, त्यावरून परम मंदफल सुमारे ५ अंश २ कला निघते. हा ग्रंथ आपल्या प्रदेशाशी किती निगडित आहे हे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून दिसते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने सिद्धांतशिरोमणि व त्या घराण्यातील इतर ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला, आणि त्यास शके ११२८ च्या सुमारास, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभी, दाने मिळाली. हा लेख एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांनी प्रसिद्धीस आणला.

स्पष्टाधिकारात भास्कराचार्य तिथीच्या संदर्भात एक महत्त्वाचा भेद करतात. आजच्या आणि उद्याच्या स्पष्ट स्थानांतील अंतर ही दैनिक गति झाली. पण चंद्राची गति मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी असल्याने, तिथ्यंत जवळ असेल तर चंद्राचे चालन त्या क्षणाच्या, ‘तात्कालिक’, गतीनेच केले पाहिजे. ही तात्कालिक गति काढताना ते ज्येच्या वाढीच्या जागी कोटिज्या घेतात. आजच्या भाषेत हे ज्येचे विकलन होय. मुंजालाच्या लघुमानसात (शके ८५४) हा नियम पूर्वीच आलेला आहे, परंतु भास्कराचार्यांनी त्याची उपपत्ति दिली. शिवाय जेथे मंदफल परम असते तेथे गतिफल शून्य होते, हेही त्यांनी सांगितले. लल्लाचे याविषयीचे मत त्यांनी त्याच ठिकाणी खोडून काढले आहे.

या नियमाचे बळ एका उदाहरणाने ध्यानी येईल, आणि हे उदाहरण प्रत्येक जुन्या पंचांगकर्त्याच्या तोंडी होते, जरी त्याच्या मुळाशी विकलन आहे हे त्यास ठाऊक नसले तरी. परम मंदफल ५ अंश २ कला आणि केंद्राची दैनिक गति १३ अंश ४ कला यांचा गुणाकार करून त्रिज्येने भागिले असता गतिफलाची परम किंमत १ अंश ९ कला येते. चंद्राची मध्यम दैनिक गति १३ अंश ११ कला. म्हणजे स्पष्ट गति १२ अंश २ कलांपासून १४ अंश २० कलांपर्यंत बदलेल. तीतून सूर्याची गति वजा करून, बारा अंशांचे अंतर पडावयास लागणाऱ्या घटी काढल्या, तर दीर्घतम तिथि सुमारे ६५ घटींची आणि लघुतम सुमारे ५४ घटींची येते. साठ घटींहून पाच अधिक, सहा कमी. ‘बाणवृद्धि, रसक्षय’ हे शास्त्र्यांचे सूत्र ते हेच. बाण म्हणजे पाच आणि रस म्हणजे सहा. जे सूत्र पुढे धर्मशास्त्राची आज्ञा म्हणून मांडले गेले, ते वस्तुतः एका स्थिरांकाच्या विकलनाचे फळ आहे.

भास्कराचार्यांस कलनगणित ठाऊक होते काय, हा वाद मराठी विद्वानाच्याच लेखणीने युरोपात पोचला. नगर जिल्ह्यात १८२१ साली जन्मलेले आणि काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित व ज्योतिष शिकविणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, विकलनाचे तत्त्व भास्कराचार्यांस अवगत होते. त्यास विल्यम स्पॉटिसवुड या इंग्रज गणित्याने १८६० साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून उत्तर दिले. बापूदेवांचा दावा अधिक झाला, कारण अनंतसूक्ष्म राशीची स्पष्ट कल्पना तेथे दिसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तथापि त्या रीतीचे आधुनिक रीतीशी जवळचे साम्य आहे आणि ती फार मोठ्या बुद्धीची साक्ष देते, हे त्याने मोकळेपणी मान्य केले.

या वादात दोन्ही पक्षांनी एकच प्रश्न धरून ठेवला, आणि तो प्रस्तुत लेखकाच्या मते कमी महत्त्वाचा आहे. तात्कालिक गतीचा नियम बरोबर होता यात शंका नाही. ज्या वस्तूवर तो चालविला गेला ती वस्तु, म्हणजे चंद्राच्या स्थानाचे सूत्र, बरोबर होती काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर विचित्र आहे : महिन्यातून दोनदा होती, एरवी नव्हती.

कारण असे की, चंद्राच्या दीर्घवर्तुळामुळे उत्पन्न होणारे मंदफल आज ६ अंश १७ कलांपर्यंत जाते असे आपण जाणतो. पण सूर्याच्या आकर्षणाने ते दीर्घवर्तुळ स्वतःच स्थिर राहत नाही. त्याची उत्केंद्रता कमीजास्त होते. त्यामुळे १ अंश १६ कलांपर्यंतचा आणखी एक संस्कार चंद्राच्या स्थानास लागतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या वेळी हा संस्कार मंदफलाच्या उलट जातो, आणि ६ अंश १७ कलांतून १ अंश १६ कला वजा जाऊन ५ अंश १ कला उरते. आपला जुना स्थिरांक नेमका एवढाच आहे! अष्टमीच्या सुमारास मात्र तोच संस्कार मंदफलात मिळतो, आणि बेरीज साडेसात अंशांवर जाते. जुने गणित तेथे अडीच अंशांपर्यंत चुकते, म्हणजे तिथ्यंताच्या वेळेत सुमारे पाच तासांपर्यंत फरक पडतो.

जुन्या ज्योतिषांनी आपले स्थिरांक ग्रहणांवरून बसविले आणि ग्रहणांवरूनच तपासले. ग्रहण अमावास्येस वा पौर्णिमेसच होते. त्यामुळे परीक्षा नेहमी अशाच क्षणी झाली की ज्या क्षणी दोष झाकलेला असे. ग्रहण वर्तविल्याप्रमाणे लागले की लोक समाधान पावत, आणि अष्टमी पाच तास चुकली तरी ती डोळ्यांनी पाहता येत नाही. मुंजालाने चंद्रास दुसरा संस्कार दिला होता, हे येथे आदराने नमूद केले पाहिजे. परंतु आपल्याकडील प्रचलित पंचांगांत तो शिरला नाही.

या प्रकरणात कलनगणिताच्या अभ्यासकास शिकण्यासारखी आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. पौर्णिमेस स्थान जुळले तरी गति जुळत नाही. सूर्याच्या संस्काराचे मूल्य त्या वेळी मंदफलाच्या विरुद्ध असले, तरी त्याच्या बदलाचा वेग मंदफलाच्या वेगात मिळतो. म्हणून चंद्राची खरी दैनिक गति सुमारे पावणेबारा अंशांपासून सव्वापंधरा अंशांच्याही वर जाते, आणि तिथि ६७ घटींपर्यंत वाढते व ५० घटींपर्यंत घटते. नव्या पंचांगकर्त्यांनी जुन्या सूत्राच्या धर्तीवर याला ‘सप्तवृद्धि, दशक्षय’ असे नाव दिले.

हे नवे गणित मराठीत कसे आले? मुंबईत एल्फिन्स्टनच्या काळी गणिताची पाठ्यपुस्तके मराठीत करण्याचा मोठा उद्योग झाला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी विकलनावर मराठीत पुस्तक लिहिले. त्या शास्त्रास त्यांनी दिलेले ‘शून्यलब्धि’ हे नाव आज कोणी वापरीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. लब्धि म्हणजे भागाकाराचे उत्तर. भाज्य आणि भाजक दोन्ही शून्याकडे जात असता जी लब्धि उरते ती शून्यलब्धि, असा त्याचा अर्थ दिसतो. आणि स्पॉटिसवुडला भास्कराचार्यांत जे सापडले नाही ते नेमके या शब्दात आहे. पुढे काशीस बापूदेवांचे शिष्य सुधाकर द्विवेदी यांनी हिंदीत ‘चलनकलन’ हा शब्द वापरला, आणि आपल्याकडे अखेर ‘कलन’ स्थिर झाले.

अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८४० पासून सुमारे दहा वर्षे कुलाब्याच्या वेधशाळेत प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम केले. पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक असता त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. दीर्घवर्तुळाचे संकलन, केप्लरच्या समीकरणाची उकल, सूर्याच्या आकर्षणाने होणारे चंद्राचे संस्कार, हे सर्व त्या कोष्टकांच्या पोटात आहे. परंतु वापरणाऱ्यास बेरीज-वजाबाकीपलीकडे काही करावे लागत नाही. ही त्या ग्रंथाची थोरवी आणि तीच त्याची मर्यादा. कलनगणित न जाणणाऱ्या जोशाच्या हाती त्याने कलनगणिताचे फळ दिले, पण झाड दाखविले नाही. अर्थात पाश्चात्त्य देशांतील नाविकही आपल्या पंचांगाचा उपयोग याच रीतीने करीत होते, तेव्हा हा दोष एकट्या केरूनानांच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

या कोष्टकांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने शके १७८७ पासून निघू लागले. त्यास अनुयायी थोडेच मिळाले. तिथि पाच घटींहून अधिक वाढू शकत नाही आणि सहांहून अधिक घटू शकत नाही, असा वचनाचा आधार विरोधकांकडे होता; आणि एकादशी, श्राद्ध, जन्माष्टमी ही सर्व त्या घटींवर अवलंबून होती. एकाच वाड्यात दोन दिवशी उपास होण्याचा प्रसंग कोणास नको होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या मतभेदांची जी समतोल छाननी केली आहे, ती आजही वाचण्याजोगी आहे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवे गणित संस्कृत श्लोकांत आणि कोष्टकांत बांधून ‘ज्योतिर्गणित’ रचिले, त्यामागे शास्त्रीमंडळींस ते त्यांच्याच भाषेत स्वीकारता यावे हा हेतु असावा असे मला वाटते. विरोधकांचा सूत्राविषयीचा हट्ट समजण्यासारखा आहे. परंतु ज्या भास्कराचार्यांच्या गणितातून ते सूत्र निघते, त्यांनी स्वतः पूर्वाचार्यांची मते उपपत्तीच्या बळावर टाकून दिली होती, याचे स्मरण त्यांस राहिले नाही.

आता पुन्हा ‘प्रथम’कडे. त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असल्याने त्याचे मंदफल अत्यल्प होते. ६८९ किलोमीटर उंचीस प्रदक्षिणाकाल साडेअठ्ठ्याण्णव मिनिटे निघतो. त्याच्या बाबतीत केप्लरच्या समीकरणाहून दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. चंद्राची कक्षा जशी सूर्यामुळे हलते, तशी पृथ्वीलगतच्या उपग्रहाची कक्षा पृथ्वीच्या विषुववृत्तावरील फुगवट्यामुळे हलते. या फुगवट्याचे आकर्षण एका प्रदक्षिणेभर संकलित केले असता असे दिसते की, कक्षेचे पातळच हळूहळू फिरत राहते. ज्या बिंदूत ते विषुववृत्ताच्या पातळीस छेदते, तो पात सरकतो.

चंद्राच्या पातास आपण राहु म्हणतो, आणि तो वक्रगतीने, म्हणजे पश्चिमेकडे सरकत, सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. ‘प्रथम’चाही एक राहु होता. परंतु त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ९८.२ अंश, म्हणजे काटकोनाहून थोडा अधिक, ठेवलेला होता. या कोनाची कोटिज्या ऋण असल्यामुळे पाताची दिशा उलटते आणि तो पूर्वेकडे, दिवसास सुमारे एक अंश या गतीने जातो. सूर्याची मध्यम दैनिक गतिही ५९ कला ८ विकला, म्हणजे जवळजवळ तेवढीच आहे. म्हणून अशा कक्षेतील उपग्रह कोणत्याही ठिकाणावरून दररोज साधारण त्याच स्थानिक वेळी जातो. पवईच्या ग्रहणकेंद्रात त्याची वाट पाहावयाची ती रोज ठराविक प्रहरी. पण त्या प्रहरातील नेमके मिनिट मात्र दर काही दिवसांनी नवी कक्षामाने घेऊन पुन्हा काढावे लागे, कारण इतक्या उंचीवरही वातावरणाचा विरळ अंश उरतो आणि त्याच्या घर्षणाने अर्धदीर्घाक्ष कणाकणाने कमी होत असतो. स्पुटनिकच्या नीच स्थानी हवा पुष्कळच दाट होती. तो अवघ्या तीन महिन्यांत, ४ जानेवारी १९५८ रोजी, वातावरणात शिरून जळून गेला.